कोबी लावू नकोस

तोंडावर सगळे तिला काकू म्हणायचे आणि मागे कुलूप. तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने फोनवर बोलता बोलता "कुलूपकाकू" असं म्हणून जीभ चावली, तर ती खो खो हसत सुटली. "अरे म्हण की! चोर म्हणण्यापेक्षा बरं," असं म्हणून तिनेच त्या बिचाऱ्याला मोकळं केलं होतं.

तिची रोपवाटिका होती. रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीच्या तीन शेड, मागे पाण्याची टाकी, पुढे लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत एक टेबल नि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. हेच ऑफिस. आजूबाजूचे शेतकरी तिला कुठली भाजी लावायची ते सांगायचे आणि ती रोपं तयार करून द्यायची. काळ्या ट्रेच्या खळग्यांत काथ्याचा भुसा भरायचा, एका खळग्यात एक बी, वर पुन्हा चिमूटभर भुसा, मग झारीने पाणी. महिन्याभरात बोटभर रोप तयार. ऐकायला काय, कुणालाही जमेल असं वाटतं. एकदा करून बघा म्हणावं. पाणी जरा जास्त झालं की रोप मान टाकतं, कमी झालं की करपतं, आणि लावणीला उशीर झाला की लांबट होऊन त्याची नुसती काडी होते. तीस वर्षं ती हे करत होती आणि अजूनही सकाळी शेडमध्ये शिरल्या शिरल्या एकेक ट्रे वाकून बघायची.

आता कुलूप का, ते सांगायला हवं. लोकांच्या शेतात जे पिकणार ते आधी तिच्या शेडमध्ये उगवायचं. त्यामुळे कोण काय लावणार हे जमिनीच्या आधी तिला कळायचं. आणि शेतकऱ्याला दुसऱ्याचं जाणून घ्यायची केवढी हौस! शेजाऱ्याने टोमॅटो भरमसाट लावला तर आपण नको लावायला, एवढी साधी गोष्ट. मग लोक येऊन खडा टाकून बघायचे. "काकू, यंदा टोमॅटो बराच दिसतोय?" "मला कुठलं दिसतंय बाबा, चष्मा घरी राहिलाय," असं ती चष्म्यातूनच त्याच्याकडे बघत म्हणायची. ट्रेवर ती कुणाचं नाव लिहीत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक चिंधी ठरलेली. निळी कुणाची, जुन्या चादरीची फुलाफुलांची कुणाची, हे फक्त तिच्या डोक्यात. नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. तो ट्रे भरायचा, उचलायचा, टेम्पोत चढवायचा, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी हमाल आहे. मालकीणबाईंना विचारा."

हा काही उगाच चाललेला तमाशा नव्हता. गोष्ट इथून बाहेर जाणार नाही अशी खात्री होती म्हणून लोक तिला खरं सांगायचे. लोकांना वाटायचं तिचा धंदा रोपांवर चालतो. तिला स्वतःला पक्कं माहीत होतं, तो तिच्या मिटलेल्या तोंडावर चालायचा.

मग ती साथ आली आणि सगळ्या जगाला कडी घातली गेली.

शेतात जायला बंदी नव्हती. भाजी सगळ्यांनाच लागते, शेतकऱ्याला कोण अडवणार? पण बाजार आठवड्यातून दोनच दिवस, तोही निम्म्या गाड्यांना, पाळीपाळीने. गाडीला पास. हॉटेलं, खानावळी, वसतिगृहं बंद. बाजाराच्या दारातली चहाची टपरी बंद. आणि खरी मेख या टपरीत होती. तिथे कप हातात धरून लोक एकमेकांच्या गाड्यांत डोकावायचे, जाता-येता बांधावर थांबून चार शब्द बोलायचे, आणि कुणी न सांगताच कळायचं की यंदा कशाची गर्दी होणार. आता जो तो आपल्या घरात, तोंडाला फडकं बांधून. कुणाला कुणाचं काही दिसेना.

मग प्रत्येकाने घरात बसून आपापलं डोकं चालवलं आणि सगळ्यांची डोकी एकाच जागी येऊन थांबली. काकडी, वांगी, टोमॅटो दिवसाआड तोडावे लागतात. उद्या बाजार अचानक बंद झाला तर ते काही तुमच्यासाठी थांबत नाहीत. कोबी थांबतो. गड्डा तयार झाला तरी दहा-पंधरा दिवस शेतात गुमान बसून राहतो. ठरलं तर मग, कोबी!

आणि फोन सुरू झाले. "काकू, कुणाला सांगू नका हं, पण मी यंदा सगळा कोबीच लावतोय." आवाज एकदम खाली. अर्ध्या तासाने दुसऱ्याचा, हेच वाक्य, हाच दबका आवाज. एक बाई तर कपाटात शिरून बोलत असावी, इतका तिचा आवाज घुमत होता. पहिल्या दहा फोनांना काकूला हसू आलं. विसाव्याला ते थांबलं. साठ झाले तेव्हा तिने खुर्चीत बसून घेतलं. दर वर्षीच्या चौपट कोबी झाला होता आणि खाणारी तोंडं हॉटेलं बंद पडल्यामुळे आधीच निम्मी झाली होती.

एकाला ती म्हणालीही, "थोडी वांगी घ्या की जोडीला. सगळं एकाच पिकावर कशाला?" तो म्हणाला, "नाही नाही काकू, मी फार विचार केलाय." सगळ्यांनीच फार विचार केला होता, हीच तर पंचाईत होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे सगळे एकाच खड्ड्यात उडी मारायला निघालेत."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू? एकाला सांगायचं म्हणजे बाकीच्यांचं फोडायचं."

"मग नको सांगूस," असं म्हणून तो पुढचा ट्रे भरायला लागला. असा हा माणूस. सल्ला मागावा तर दोन्ही बाजूंनी देतो.

तिने कुणालाही सांगितलं नाही. जो जेवढं म्हणाला त्याला "बरं" म्हणाली आणि तेवढं बी टाकलं. तीन शेड कोबीने भरल्या. निळसर पानांचा तो कोबी होता, बी तिने मुद्दाम लांबून मागवलेलं, आणि उगवलाही असा की बघत राहावं. तिला मात्र बघवत नव्हतं.

कोबी वीस दिवसांचा झाला आणि तिच्या धाकट्या भावाचा फोन आला.

तो चार किलोमीटरवर शेती करायचा. तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई त्याच्या जन्मानंतर सदा आजारी, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू हिनेच घातलं, शाळेत हिनेच नेऊन बसवलं, मारामारी करून आला की दुसऱ्याच्या दारात भांडायलाही हीच गेली. बोलायला असा गोड की समोरच्याने खिशातलं काढून द्यावं आणि वर आभार मानावेत. नवरा अधूनमधून म्हणायचा, "तुझा भाऊ हुशार आहे हं." त्यातला टोमणा तिला कधी ऐकूच आला नाही, किंवा तिने ऐकला नाही.

"ताई, मला कोबी लावायचाय. साठ हजार रोपं टाक."

तीस वर्षांचं तोंड तिथे उघडलं.

"कोबी लावू नकोस."

"का गं?"

"नको म्हणते ना. ज्याने त्याने कोबीच सांगितलाय. चौपट झालाय, चौपट! रस्त्यावर ओतायची पाळी येईल. तू आपला घेवडा पेर, ज्वारी पेर, काहीही कर. आणि हे पोटात ठेव. कुणाला बोललास तर माझं तोंड बघू नकोस."

"ताई, तुझी शपथ. बरं झालं सांगितलंस, नाहीतर मी मेलोच असतो."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला इतकं हलकं वाटलं की ती त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

चौथ्या दिवशी पंपवाल्या काकांचा फोन आला. हा म्हातारा तिचं पहिलं गिऱ्हाईक. तरुणपणी पाण्याचे पंप दुरुस्त करायचा म्हणून पंपवाले. तिच्याकडे सगळे मिळून बारा ट्रे होते तेव्हा मिरचीची पहिली शंभर रोपं त्यानेच नेली होती. सगळ्या जगाची ती काकू, त्याची मात्र पोरी.

"पोरी, माझे आठ हजार कोबी राहू देत. काकडी टाक त्याऐवजी. तूच म्हणतेस ना, कोबी रस्त्यावर ओतावा लागेल म्हणून."

"मी? मी कधी म्हटलं?"

"तुझा भाऊ म्हणाला, ताईने स्वतः सांगितलंय. तू तोंड उघडलंस म्हणजे गोष्ट साधी नाही. मी लगेच आणखी चौघांना कळवलं."

 पुढचे दोन दिवस तिला फोन ठेवायला उसंत मिळाली नाही. जे साठ जण दबक्या आवाजात कोबी सांगून गेले होते, त्यातल्या पन्नासांनी मोठ्या आवाजात कोबी रद्द केला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी दहा शंका काढल्या असत्या. पण कुलूप बोललं म्हटल्यावर शंका कसली? कुणी काकडी सांगितली, कुणी वांगी, कुणी परस्पर घेवड्याचं बी आणून पेरून टाकलं.

तिने भावाला फोन लावला आणि असं झापलं असं झापलं, की शेडमधला नवरा काम टाकून बघायला आला.

"ताई, चुकलं माझं," भावाचा आवाज भरून आला होता. "पंपवाल्या काकांचा फोन आला होता. म्हातारा माणूस, म्हणाला सगळा कोबीच लावतोय. मला राहवलं नाही गं. त्याचं वाटोळं होताना बघत बसू का? मला काय माहीत ते गावभर करतील!"

आणि ती विरघळली. विरघळणार नाही तर काय करेल? तिला स्वतःला जे करायचं होतं ते त्याने केलं होतं. उलट तिला वाटलं, आपण नियम कवटाळून बसलो आणि या पोराने माणुसकी दाखवली. "बरं जाऊ दे," ती म्हणाली. "निदान लोक तरी वाचले."

उरली रोपं. दोन शेड भरून कोबी, धनी कुणी नाही. बोटभर झालेली, तजेलदार, लावणीला अगदी आलेली. आणखी दहा दिवसांनी त्यांचं फक्त खत होणार होतं. नवरा म्हणाला उपटून खड्ड्यात घालू, ट्रे तरी मोकळे होतील. तिचा हात होईना.

मग पुन्हा भावाचाच फोन. "ताई, ती रोपं फेकू नकोस. मी नेतो. गायींना चारा मिळेना झालाय या बंदीत, त्यांच्या तोंडी लागतील. तुझंही ओझं उतरेल. ट्रे धुऊन परत आणून देईन."

"ने बाबा, ने. कुणाच्या तरी पोटात जाऊ देत."

"मी चार दिवसांनी ट्रॉली घेऊन येतो. आणि ऐक, तोवर पाणी जरा कमी कर. ट्रे बाहेर उन्हात काढून ठेव. म्हणजे वाहतुकीत मोडणार नाहीत."

रोप लावणीला देण्याआधी त्याला कडक करावं लागतं. शेडच्या सावलीत वाढलेलं लाडावलेलं रोप एकदम शेतात नेलं तर मान टाकतं. म्हणून चार-पाच दिवस पाणी तोडायचं, ऊन-वारा दाखवायचा. खोड जांभळट झालं, पान जाड झालं की समजायचं, आता हे कुठेही तगेल. काकूने तीस वर्षांत एकही ट्रे कडक केल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता. हाताची सवयच ती. भाऊ म्हणाला पाणी कमी कर, हिने कमी केलं. भाऊ म्हणाला उन्हात काढ, हिने नवऱ्याला कामाला लावून सहाशे ट्रे बाहेर काढले, दुपारी ऊन फार झालं तेव्हा वर जाळी धरली, संध्याकाळी फिरून एकेका ट्रेचं खोड बघितलं. गायीच्या तोंडी जाणाऱ्या रोपाला कुणी कडक करतं का? हा प्रश्न जगातल्या कुठल्याही बाईला पडला असता, रोपवालीला तेवढा पडला नाही.

भाऊ आला, फाटकाबाहेर लांब उभा राहून हात जोडले, ट्रॉली भरली आणि गेला. ट्रे आठवड्याने परत आले. स्वच्छ धुतलेले. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "शब्दाचा पक्का आहे." नवऱ्याने एक ट्रे उलटा करून बघितला आणि चळतीवर ठेवून दिला.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते सगळ्यांनाच आठवत असेल. काकड्या तोडायला आल्या आणि बाजारातल्या हमालांपैकी कुणाला तरी लागण झाली म्हणून बाजार पंधरा दिवस साफ बंद. पंपवाल्या काकांच्या काकड्या वेलावर पिवळ्या पडून फुगल्या. वांग्यांत बिया झाल्या. घेवडा वाळून शेंगेतच खडखडायला लागला. लोक सकाळी तोडायचे आणि बांधाला टाकायचे, कारण तोडलं नाही तर वेल बसतो, पुढे फळ धरत नाही. कुणी गाडीवर घालून दारोदार फिरले, तर दारं उघडत नव्हती. लोकांनी काकूला फोन केले, पण रागाने नाही. "नशीब कोबी लावला नाही," एक जण तर म्हणाला, "नाहीतर याहून वाईट झालं असतं." ती म्हणाली, "हो ना," आणि मनापासून म्हणाली.

बाजार उघडला तेव्हा त्यात कोबी नव्हता. कुणी लावलाच नव्हता तर येणार कुठून? जे दहा हट्टी लोक कोबीला चिकटून राहिले होते त्यांचा माल पहिल्या दोन बाजारांत उडाला आणि भाव असा चढला की लोक एकमेकांना फोन करून खरं का म्हणून विचारायला लागले.

त्याच आठवड्यात मिरचीची रोपं पोचवायला काकू टेम्पोतून निघाली. नवरा चालवत होता. भावाच्या शेतावरूनच रस्ता होता. तिला वाटलं, लांबूनच हाक मारू, किती दिवसांत तोंड बघितलं नाही त्याचं.

शेतात घेवडा नव्हता. रस्त्यापासून विहिरीपर्यंत निळसर पानांचे गड्डे बसले होते, ओळीने, भरलेले, घट्ट. सात-आठ बायका तोंडाला फडकी बांधून कोयत्याने गड्डे कापत होत्या. बांधाला ट्रक उभा होता.

"थांबवा," ती म्हणाली. नवऱ्याने आधीच थांबवला होता.

निळसर पानांचा तो कोबी सगळ्या भागात तिच्याशिवाय कुणाकडे नव्हता. ती बांधावर उभी राहिली आणि तिला आधी आठवलं ते पाणी तोडणं, मग उन्हात काढलेले ट्रे, मग आपण दुपारी धरलेली जाळी. तिने स्वतःच्या हाताने कडक करून दिली होती ही रोपं. एकही मेलं नव्हतं.

भाऊ हसत आला. खरंच हसत आला हो! "ताई, तू? अगं फोन तरी करायचास. थांब, दोन चांगले गड्डे काढून देतो."

"गायींनी खाल्ला नाही वाटतं कोबी," ती म्हणाली.

त्याने ट्रककडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "ताई, तू टाकूनच देणार होतीस ना? मी उचलला. कुणाच्या हातातून हिसकावला का?"

"लोकांना तू सांगितलंस."

"मग? खोटं सांगितलं का? तूच म्हणालीस चौपट झालाय. लोकांनी लावला असता तर सगळेच बुडाले असते. मी कमी केला. आता मी कमी केल्यावर भाव आला, तर तो मी घ्यायचा नाही, असं कुठे लिहिलंय?"

"तुला राहवलं नाही म्हणालास. रडत होतास तू फोनवर."

"ताई, धंदा आहे हा. तू उगाच मनाला लावून घेतेस. तुलाही मी विसरणार नाहीये."

ते शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त झोंबलं. म्हणजे त्याने तिलाही यात धरलं होतं! तिच्या तोंडून निघालेला शब्द त्याने वापरला, तिने जपलेलं रोप वापरलं, तिच्या नावावर लोकांनी ठेवलेला विश्वास वापरला, आणि आता तिला वाटा देऊ करत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. "माझ्या दारात पाय ठेवू नकोस," एवढंच ती म्हणाली आणि टेम्पोत येऊन बसली. मिरची पोचवली. घरी आल्यावर शेडमध्ये गेली, रिकाम्या ट्रेंच्या चळतीला टेकून बसली आणि धाय मोकलून रडली. नवरा बाहेर उभा राहिला. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "ट्रेच्या तळाच्या भोकांत शेताची माती अडकली होती. गोठ्यात रिकाम्या केलेल्या ट्रेला ती कुठून लागणार?" ती त्याच्यावर ओरडली, "मग बोलला का नाहीत?" आणि पुन्हा रडायला लागली.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. ट्रक काही पदराखाली लपवता येत नाही. आणि लोकांनी जे जोडायचं ते बरोबर जोडलं. कुलूप तीस वर्षं उघडलं नाही आणि उघडलं ते नेमकं कोबीचं. रद्द झालेली रोपं गेली कुठे, तर भावाकडे. गेली कुठून, तर दिवसाढवळ्या हिच्याच फाटकातून. आणखी काय पाहिजे? बहीण-भावाने मिळून गाव विकलं.

ती सांगत सुटली. ज्याचा फोन येईल त्याला, ज्याचा येत नाही त्याला स्वतः करून. "मला माहीत नव्हतं हो, गायींसाठी म्हणून नेली." लोक ऐकून घ्यायचे. "असू दे काकू, झालं ते झालं," असं म्हणायचे, आणि त्या 'असू दे'मध्ये फोन ठेवायची घाई असायची. कपाटात शिरून बोलणाऱ्या बाईने तेवढं स्पष्ट विचारलं, "काकू, साठ हजार रोपं गायींना? किती गायी आहेत त्यांच्याकडे?" दोन होत्या. दोनच गायी होत्या, आणि हे काकूला पहिल्यापासून माहीत होतं.

पुढच्या हंगामात बंदी जरा सैल झाली. गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण जवळ दुसरी रोपवाटिका नव्हती. पण लोक आता तिला निम्मंच सांगायचे. निम्मी रोपं तिच्याकडून, निम्मी चाळीस किलोमीटरवरून, पास काढून, जास्तीचं भाडं भरून, फक्त हिला सगळं कळू नये म्हणून. चिंध्या तिच्याकडे तशाच होत्या. कुणाच्या शेतात काय येणार, हे आता तिला माहीत नव्हतं.

एका सकाळी पंपवाले काका आले. स्वतः, काठी टेकत, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून. टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. काकड्या गेल्यापासून म्हातारा खंगला होता. तिला वाटलं, हा तरी समजून घेईल. हा तिला तीस वर्षं ओळखतो.

"काका, तुमची शपथ घेऊन सांगते, मला काही माहीत नव्हतं."

"मी तुला खोटी म्हणत नाही, पोरी."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या महिन्यांत एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

"भाऊ तुझ्याशी कसा वागला ते तुम्ही दोघं बघून घ्या," काका म्हणाले. "मला एक सांग. कोबी चौपट झालाय, हे तुला आधी कळलं होतं ना? मी फोनवर आठ हजार सांगितले, तेव्हा तू 'बरं' म्हणालीस. आणि भावाने साठ हजार सांगितले, तेव्हा म्हणालीस, लावू नकोस."

 आपल्याला फसवलं, हे ती इतके दिवस कुरवाळत बसली होती आणि ते खरंही होतं. पण या म्हाताऱ्यालाही कुणीतरी फसवलं होतं, भावाने तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी, आणि तेही एका साध्या 'बरं'मध्ये.

"चुकलं माझं काका," ती म्हणाली.

"असो. टोमॅटो टाक. चार हजार."

तिने शेडकडे बघितलं. हॉटेलं उघडणार अशी हवा उठल्यापासून ज्याने त्याने टोमॅटोच सांगितला होता. लोक निम्मंच सांगत होते, तरी दर वर्षीच्या तिप्पट झाला होता. ती खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसली.

"काका, टोमॅटो नको. नावं मी कुणाची घेत नाही, पण आकडा सांगते. तिप्पट झालाय. माझ्याकडेच तिप्पट, बाहेरून आणतायत तो वेगळा. आज येईल त्या प्रत्येकाला मी हेच सांगणार आहे. तुम्ही मिरची लावा. वाळवून तरी ठेवता येईल."

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"आणि भावाला काय सांगितलंयस?"

"त्याच्याशी मी बोलतसुद्धा नाही, काका!"

"हं," म्हातारा काठीवर जोर देऊन उठला. फाटकाशी जाऊन थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "टोमॅटोच टाक पोरी. गेल्या खेपेला तू नको म्हणालीस तोच कोबी विकला गेला. चार नको, सहा हजार टाक."

तिने त्याच दिवशी टाकले. एका खळग्यात एक बी, वर चिमूटभर भुसा, झारीने पाणी. सहाव्या दिवशी बघितलं तर सगळे उगवले होते.